न भरलेल्या सभेची थोरवी

जगातल्या कायदेमंडळांत सर्वांत थोर कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी इटलीच्या महासंघाच्या सामाईक सभेचं नाव घेईन. १८४८ साली तिचा मसुदा झाला. १८५८ साली फ्रान्सच्या सम्राटाने तो महासंघ पुन्हा उकरून काढला, १८५९च्या जुलैत दोन सम्राटांनी त्याला संमती दिली आणि नोव्हेंबरात झुरिकच्या तहात तो रीतसर कलम होऊन बसला. सभा मात्र एकदाही भरली नाही. तिच्या नावावर एक कायदा नाही, एक कर नाही, एक फाशी नाही. तिच्या हुकमाने कुठलं गाव जळलं नाही. युरोपातल्या ज्या सभा प्रत्यक्ष भरल्या, त्यांपैकी कुणाचं चारित्र्य इतकं स्वच्छ आहे?

तिच्या काळातल्या शहाण्यांनी तिला खुळेपणा म्हटलं. खुळेपणा तो होताच, आणि अशा खुळेपणाची स्तुती करायला कुणीतरी हवं. शहाणपणाला भाट पुष्कळ मिळतात.

१८१५ साली व्हिएन्नात युरोपची वाटणी झाली तेव्हा इटलीच्या वाट्याला बरीच राज्यं आली. तुरीनमध्ये सार्डिनियाचा राजा, मिलान आणि व्हेनिसमध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट, पार्मा, मोदेना आणि लुक्कात आपापली राजघराणी, फ्लॉरेन्समध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक, रोममध्ये पोप, आणि त्याच्या खाली सिसिलीच्या टोकापर्यंत नेपल्सचा बूर्बाँ राजा. ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख म्हणायचा की इटली हे नकाशावरचं नाव आहे, त्याहून अधिक काही नाही. हे वाक्य इटालियन लोकांना फार झोंबलं. त्याला उत्तर देण्याचे दोन मार्ग होते. एक, बाकी सगळ्यांची राज्यं मोडून एकाच्या घशात घालायची. दोन, सगळी राज्यं ठेवून त्यांना एका छपराखाली बसवायचं. पहिला मार्ग व्यवहारी माणसांना आवडला. दुसरा ज्यांनी धरला, ते आमचे मूर्ख.

त्यांतला पहिला व्हिन्चेन्झो जोबेर्ती. तुरीनचा धर्मगुरू, हद्दपारीत ब्रसेल्सला राहायचा, आणि तिथून १८४३ साली त्याने जाडजूड ग्रंथ काढून सांगितलं की इटलीच्या सर्व राज्यांनी महासंघ करावा आणि पोपने त्याचं अध्यक्षपद घ्यावं. तेव्हाचा पोप होता सोळावा ग्रेगरी. नेपल्समध्ये १८३९ सालीच आगगाडी धावली होती, पण आपल्या राज्यात लोखंडी रूळ टाकू द्यायला हा पोप तयार नव्हता. असा मनुष्य नव्या राष्ट्राच्या शिरोभागी बसवायचा, हे सुचायलाच छाती लागते. पण जोबेर्तीचा हिशेब नीट बघा. नेपल्सच्या राजाने तुरीनच्या राजाला मुजरा केला नसता, तुरीनच्या राजाने नेपल्सच्या राजाला केला नसता. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा विषयच नको. सर्वांनी ज्याच्यापुढे आधीपासूनच गुडघे टेकले होते असा एकच मनुष्य त्या द्वीपकल्पात होता, आणि त्याच्यापाशी नाव घ्यावं अशी फौज नव्हती. फौज नसलेल्या माणसाला वरची खुर्ची देणं हा खुळेपणा असेल, तर तसा खुळेपणा जगात फार थोड्या वेळा झाला आहे, आणि त्याने कुणाचं नुकसान झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

१८४६ साली पायस नववा पोप झाला. त्याने राजकीय कैद्यांना माफी दिली आणि लोकांना वाटलं, जोबेर्तीच्या ग्रंथातला पोप चालत बाहेर आला. पुढच्या वर्षी ३ नोव्हेंबरला पोप, टस्कनी आणि सार्डिनिया यांनी जकातसंघाच्या पूर्वकरारावर सह्या केल्या. सभेची पायरी जकातीतून चढायची, हा क्रम मला फार आवडतो. माल अडवायचा नाही एवढं ठरलं की माणसांना एकमेकांशी बोलावंच लागतं.

मग १८४८ उजाडलं. मार्चमध्ये मिलानच्या लोकांनी पाच दिवस रस्त्यावर लढून ऑस्ट्रियाची फौज शहराबाहेर घालवली, आणि सगळी इटली पेटली. त्याच वर्षी २९ एप्रिलला पोपने जाहीर केलं की आपण ऑस्ट्रियाशी लढणार नाही, कारण तीही आपलीच लेकरं. आणि इटलीतल्या सर्व लोकांचं मिळून एखादं नवं प्रजासत्ताक उभं करून त्याचं अध्यक्षपद आपल्याला द्यायचं कुणाच्या मनात असेल, तर तेही नको. अध्यक्षाने पद मिळण्याआधीच नकार कळवला. बहुतेक देशांत याच्या उलट घडतं.

एवढं झाल्यावर ऑगस्टमध्ये तुरीनच्या सरकारने आंतोनियो रोस्मिनीला रोमला पाठवलं. रोस्मिनी तत्त्वज्ञ आणि धर्मगुरू. मिलान पुन्हा ऑस्ट्रियाच्या हाती गेलं होतं, सार्डिनियाचा राजा हरून परतला होता, आणि हा गृहस्थ रोममध्ये बसून महासंघाचं कायमचं मंडळ कसं असावं याची कलमं लिहीत होता. तीन राज्यांचा महासंघ, रोममध्ये त्याचं कायमचं मंडळ, अध्यक्ष पोप. मंडळाने युद्ध आणि तह ठरवावेत, जकात ठरवावी, परदेशांशी व्यापाराचे करार करावेत. नाणी, वजनं, मापं, टपाल सगळीकडे एकसारखं करावं. रणभूमीवर हार झाल्यावर दुसऱ्या कुणी तोफा ओतायला घेतल्या असत्या. रोस्मिनीने वजनमापांचं कलम लिहायला घेतलं, आणि मला त्याच्याविषयी आदर वाटतो तो इथे.

तुरीनमध्ये तोवर मंत्रिमंडळ बदललं होतं. नव्या मंत्र्यांचं म्हणणं, आधी सैन्याची मदत, सभेचं मागाहून बघू. रोस्मिनीने ऑक्टोबरात राजीनामा दिला. त्याच महिन्यात तुरीनच्या एका नाट्यगृहात जोबेर्तीच्या पुढाकाराने महासंघाची परिषद भरली आणि तिनेही आपला मसुदा तयार केला. तिथे जमलेल्यांना कुठल्या सरकारने पाठवलं नव्हतं. कुणी बोलावलं नसताना राष्ट्राचं कायदेमंडळ कसं असावं याचा खल करायला माणसं दूरदूरच्या गावांहून आली, प्रवासखर्च सोसून आली. सत्ता हातात नसताना इतक्या बारकाईने विचार करणारी माणसं सत्ता असलेल्या सभेत क्वचित दिसतात.

रोममध्ये पोपचा मंत्री पेल्लेग्रिनो रोस्सी यानेही स्वतःची एक योजना पुढे केली होती. १५ नोव्हेंबरला तिथलं प्रतिनिधिमंडळ पुन्हा भरायचं होतं. रोस्सी कान्चेल्लेरिया राजवाड्याचा जिना चढत असताना एकाने त्याच्या मानेत सुरा खुपसला. नऊ दिवसांनी, २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, पोप साध्या पाद्र्याचे कपडे घालून राजवाड्याच्या मागच्या दाराने निघाला आणि बव्हेरियाच्या वकिलाच्या गाडीतून नेपल्सच्या हद्दीतल्या गाएताला पोचला. महासंघाचे नियोजित अध्यक्ष असे दुसऱ्याच्या राज्यात पाहुणे झाले. पुढच्या वर्षी रोस्मिनीच्या दोन पुस्तकांवर चर्चने बंदी घातली, १८५२ साली जोबेर्तीच्या सगळ्याच ग्रंथांवर. ज्याला अध्यक्ष करायला हे दोघे झटले, त्याच पोपच्या कारकिर्दीत हे घडलं. रोस्मिनीने निर्णय निमूट मानला. याच रोस्मिनीला २००७ साली चर्चने धन्य म्हणून गौरवलं. त्याच्या महासंघाला तसा गौरव अजून मिळालेला नाही.

दहा वर्षांनी ही कल्पना पुन्हा वर आली ती अगदी वेगळ्या ठिकाणी. २१ जुलै १८५८ रोजी तिसरा नेपोलियन आणि सार्डिनियाचा पंतप्रधान काव्हूर प्लाँबिएर या औषधी झऱ्यांच्या गावी गुपचूप भेटले. सकाळी खोलीत बसून दोघांनी नकाशा समोर ठेवला आणि इटलीचे चार भाग पाडले: उत्तरेचं राज्य, मधलं राज्य, रोम आणि भोवतालचा मुलूख पोपला, दक्षिणेला नेपल्स. चौघांचा महासंघ, अध्यक्ष पोप. दुपारी सम्राटाने स्वतः लगाम हातात धरून काव्हूरला बग्गीतून फिरवलं, आणि तो सगळा फेरफटका एका लग्नाच्या बोलण्यात गेला. सार्डिनियाच्या राजाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोतिल्द सम्राटाच्या पस्तिशीच्या चुलतभावाला द्यायची होती. महासंघाला सकाळच्या बैठकीतला एक तुकडा मिळाला, लग्नाला अख्खी दुपार. लग्न झालं.

युद्धही झालं. १८५९च्या जूनमध्ये माजेंता आणि सोल्फेरिनो इथं फ्रान्स जिंकला, आणि ११ जुलैला नेपोलियन आणि ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ योझेफ व्हिलाफ्रांका गावातल्या एका घरात समोरासमोर बसले. इटलीचा महासंघ व्हावा, पोप त्याचा मानद अध्यक्ष असावा, आणि ऑस्ट्रियाकडेच राहणारं व्हेनिशियासुद्धा त्या महासंघाचं सभासद असावं, असं त्यांनी ठरवलं. त्या बैठकीला इटालियन मनुष्य एकही नव्हता. काव्हूर संतापाने लाल झाला, राजाशी भांडला आणि राजीनामा देऊन घरी गेला.

या सभेची खरी रचना समजते ती नेपोलियनने २० ऑक्टोबर १८५९ रोजी सार्डिनियाच्या राजाला लिहिलेल्या पत्रातून. सगळ्यांचा झेंडा एक, जकात एक, नाणं एक. मध्यवर्ती मंडळ रोममध्ये. प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधिगृहाने नावांची यादी करायची, आणि तीतून राजाने माणसं नेमायची. याद्या लोकांच्या असल्याने ऑस्ट्रियाकडे कललेल्या राजांना आपोआप लगाम बसेल, हा त्यामागचा विचार. मान्तुआ आणि पेस्किएरा हे किल्ले महासंघाचे, सर्वांच्या सामाईक मालकीचे. कल्पना नेटकी आहे. आता त्या ऑक्टोबरात इटलीत प्रतिनिधिगृहं किती चालू होती ते मोजू. नेपल्सची राज्यघटना १८४९ पासून गुंडाळून ठेवलेली. रोममध्ये प्रतिनिधिगृह नाही, व्हेनिसमध्ये नाही. तुरीनमध्ये होतं, पण युद्धासाठी सरकारने सर्वाधिकार घेतल्यापासून ते बोलावलेलंच नव्हतं. फ्लॉरेन्स, मोदेना, पार्मा इथल्या सभा त्या उन्हाळ्यात भरल्या होत्या; आपापले राजे पदच्युत झाल्याचा ठराव त्यांनी केला होता, आणि पत्रात याद्या ज्यांच्या हाती द्यायच्या होत्या त्यांत हेच राजे होते. राहता राहिलं चिमुकलं सान मारिनो, तिथली महासभा शतकानुशतकं शांतपणे भरत आली होती, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणजे नसलेल्या गृहांनी याद्या करायच्या, पळून गेलेल्या राजांनी त्यांतून नावं निवडायची, आणि यायला नकार दिलेल्या अध्यक्षाने त्या माणसांचं स्वागत करायचं. शहाणे हसले. मला यात विश्वासाची परमावधी दिसते. घर आधी बांधा, माणसं येतील, अशा भरवशावर पुष्कळ चांगल्या संस्था उभ्या राहिल्या आहेत.

मी ही सभा मनात भरवून पाहिली आहे. नेपल्सचे सभासद आगबोटीने चिव्हिताव्हेक्कियाला उतरतात. त्यांच्यामागे सुमारे नव्वद लाख प्रजा आहे, मोदेनाच्या सभासदांमागे जेमतेम पाचसहा लाख, आणि दोघांना बाक मात्र सारखे हवेत. नेपल्सकर दुकातीत हिशेब करतो, रोमवाला स्कूदीत, तुरीनवाला लिऱ्यांत. तुरीनच्या घड्याळात नऊ वाजतात तेव्हा सभा सुरू करावी, तर रोममधले वयस्क लोक अजून सूर्यास्तापासून तास मोजण्याच्या जुन्या चालीचे. त्यांच्या नऊला सूर्य केव्हाच बुडालेला असतो. कापड मोजायचा ब्राच्चो फ्लॉरेन्समध्ये ५८ सेंटिमीटरच्या थोडा वर, मिलानमध्ये त्याहून सुमारे एक सेंटिमीटर लांब. या एका सेंटिमीटरवर मिलानचा व्यापारी दोन दिवस बोलतो, फ्लॉरेन्सचा तीन दिवस. तुरीनच्या उमरावाला फ्रेंच अधिक सहज येतं, नेपल्सचा दरबार घरात नेपल्सची बोली बोलतो, आणि दोघांना कागदावरची इटालियन लिहिता येते म्हणून इतिवृत्ताचं काम अडत नाही. व्हेनिसच्या बाकावर ऑस्ट्रियाच्या सम्राटाने नेमलेला माणूस बसला आहे. त्याच्या शेजारी मिलानचा, ज्याने अकरा वर्षांपूर्वी त्याच सम्राटाच्या शिपायांवर छपरावरून कौलं फेकली.

हा शेजार लोकांना असह्य वाटला, आणि मला तोच या सभेचा प्राण वाटतो. जे एकमेकांना आवडतात त्यांना सभा लागत नाही. ते संध्याकाळी एकत्र जेवतात. शत्रूला बाक देऊन, त्याचं नाव हजेरीपटात लिहून, कापडाच्या मापावर त्याच्याशी तीन दिवस वाद घालण्याइतका धीर ज्यांच्यापाशी होता, त्यांना मी मूर्ख म्हणतो ते मानाने म्हणतो. व्हेनिसचा तो नेमलेला माणूस चौथ्या दिवशी काय बोलला असता, कुणास ठाऊक. पण त्याचं बोलणं ऐकून घेण्याची जागा इटलीत होती, एवढं तरी त्याला व्हिएन्नाला कळवावं लागलं असतं.

तसं झालं नाही. १८६०च्या जानेवारीत युरोपची जी परिषद भरून हे सगळं ठरवणार होती, ती भरलीच नाही. काव्हूर परत आला, मधली राज्यं जनमताने जोडली गेली, गारिबाल्डी हजारभर माणसं घेऊन सिसिलीत उतरला, आणि १७ मार्च १८६१ रोजी इटलीचं राज्य जाहीर झालं. नव्या राष्ट्राच्या पहिल्या राजाने आपलं नाव दुसरा व्हित्तोरिओ एमानुएले असंच ठेवलं, आणि नव्या राष्ट्राची पहिली संसद दफ्तरात आठवी म्हणून नोंदली गेली, कारण मोजणी तुरीनच्या जुन्या गृहापासून चालू होती. ती तुरीनच्या कारिन्यानो राजवाड्याच्या अंगणात घाईने उभारलेल्या तात्पुरत्या दालनात भरली. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्येतल्या दोन टक्क्यांहून कमी लोकांना मत होतं. याला शहाणपण म्हणतात, कारण ते घडलं.

त्या शहाणपणाची किंमत दक्षिणेने दिली. नेपल्सच्या जुन्या मुलखात वर्षानुवर्षं बंड पेटलं, ते मोडायला लाखाच्या घरात फौज उतरली, आणि १८६३च्या पीका कायद्याने लष्करी न्यायालयांना गोळी घालण्याचा अधिकार मिळाला. तो कायदा भरलेल्या सभेने मंजूर केला. १८६१ साली मिंगेत्ती या मंत्र्याने प्रांतांना थोडा कारभार देणारं विधेयक आणलं होतं. ते बाजूला पडलं. इटलीतल्या बहुतेक विभागांच्या निवडून आलेल्या सभा पहिल्यांदा अस्तित्वात आल्या १९७० साली. मिंगेत्तीच्या मागणीला तोवर शंभराहून अधिक वर्षं झाली होती. विभाग आणि केंद्र यांना एकत्र बसवणारी कायमची परिषद १९८३ साली रोममध्ये स्थापन झाली. रोम हेच ठिकाण रोस्मिनीनेही लिहिलं होतं.

या खुळ्यांत एक जण मला सर्वांहून जवळचा वाटतो, कार्लो कात्तानेओ. मिलानच्या पाच दिवसांत लढणाऱ्यांचा तो पुढारी होता. त्याला पोप नको होता, राजाही नको होता. प्रत्येक राज्याची आपली सभा आणि त्या सर्वांवर सामाईक सभा, असं स्वित्झर्लंडसारखं प्रजासत्ताक त्याला हवं होतं. हरल्यावर तो लुगानोजवळ कास्तान्योलाला जाऊन राहिला. संयुक्त इटलीच्या संसदेवर लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. राजाशी एकनिष्ठ राहीन ही शपथ घेतल्याशिवाय आत बसता येत नव्हतं, म्हणून तो कधीच आत बसला नाही. १८६७ साली राजधानी असलेल्या फ्लॉरेन्सपर्यंत तो गेला, लोकांना भेटला, आणि शपथ न घेता परत आला. मतदारांनी त्याला दोष दिल्याचं कुठं दिसत नाही. आपला प्रतिनिधी कुठल्या सभेचा सभासद आहे, हे त्यांना माहीत असावं.

मराठी वाचकाला इटली माहीत आहे ती मॅझिनी आणि गारिबाल्डीची. सावरकरांनी केलेलं मॅझिनीच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर १९०७ साली आलं, सरकारने ते जप्त केलं, आणि लोकांनी ते लपवून वाचलं. एक देश, एक राज्य, मधे कुणी नको, हा मॅझिनीचा मंत्र आपल्याकडे दोन पिढ्यांनी पाठ केला. त्याच मॅझिनीशी या मुद्द्यावर आयुष्यभर वाद घालणारा कात्तानेओ मराठीत जवळजवळ आलाच नाही. इतक्या भाषांच्या आणि इतक्या राज्यांच्या देशात त्याची गरज कमी होती असं मला वाटत नाही. शाळेच्या पुस्तकात इटलीच्या एकीकरणाचा धडा असतो. त्यात काव्हूरच्या पानानंतर एक पान कात्तानेओला द्या, आणि व्हेनिसच्या बाकावरच्या त्या माणसाशी कापडाच्या मापावर तीन दिवस कसं बोलायचं, हा प्रश्न मुलांना स्वाध्यायात विचारा.